गडाला चोरदरवाजा, सर्व्हरला दुसरी वाट

आषाढात भोर-वेल्ह्यात पाऊस ठाण मांडून बसतो. अशाच एखाद्या रात्री नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेला तुमचा स्वतःचा सर्व्हर गप्प होतो. गाडी काढायची? मुळीच नाही. घरच्या ओसरीवर बसून त्याला उठवता येतं. कसं, ते या दहा गमतींमधून पाहा. त्या वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटेल: लांबचं यंत्र सांभाळायचं तर वाटा दोन हव्यात.

१. खोली भाड्याची, संसार आपला
यंत्र आपलं, जागा, वीज, गारवा आणि इंटरनेट डेटा सेंटरचं. या सोयीला म्हणतात कोलोकेशन. भाडं ठरतं ‘यू’वर. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंची, आणि नेहमीच्या कपाटात, म्हणजे रॅकमध्ये, असे ४२ यू एकावर एक बसतात. रॅकची १९ इंच रुंदी तर संगणकाहूनही जुनी. ती आली टेलिफोन एक्स्चेंजमधून. पनवेलला जुलै २०२० मध्ये सुरू झालेल्या योट्टाच्या एकाच इमारतीची क्षमता ७,२०० रॅकची आहे.

२. मग घरातच का नको?
२०० वॅटचा छोटा सर्व्हर वर्षभर अखंड चालला तर सुमारे १,७५० युनिट वीज खातो, आणि पावसाळ्यात वीज गेली की तोही जातो. दुसरी अडचण पत्त्याची. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून जेमतेम ४२९ कोटी. त्यामुळे कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. घरातून पत्र बाहेर जातं, पण बाहेरच्याला नेमकं तुमचं दार सापडत नाही. डेटा सेंटरमध्ये यंत्राला हक्काचा पत्ता मिळतो.

३. एसटीला अर्धा दिवस, प्रकाशाला दोन मिलिसेकंद
काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. भोर ते नवी मुंबई अंतर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरचं, म्हणजे जाऊन-येऊन दोन मिलिसेकंदही लागू नयेत. प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते आणि वाटेतली यंत्रंही थोडा वेळ खातात. तरीही तुमची पापणी लवायच्या आत उत्तर परत आलेलं असतं.

४. बावीस नंबरचं दार
दूरच्या यंत्रात सुरक्षित शिरण्यासाठी जगभर ‘एसएसएच’ वापरतात. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा ताटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ते लिहिलं. अशाच कामांसाठीची जुनी एफटीपी २१ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, आणि टेलनेट २३ वर. मधला २२ रिकामा होता. त्यांनी ईमेल करून तो मागितला आणि दुसऱ्याच दिवशी तो त्यांच्या नावे झाला.

५. रेंज गेली, काम चालूच
डोंगराआड गेलं की मोबाइलची रेंज तुटते, हे वेल्हेकरांना सांगायला नको. म्हणूनच १९८७ चा ‘स्क्रीन’ आणि २००७ चा ‘टीमक्स’ हे प्रोग्राम इथे सोन्याच्या मोलाचे. जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचं काम सुरू राहतं. रेंज आली की सोडलं होतं तिथूनच पुढे. २०१२ मध्ये आलेला ‘मॉश’ तर वायफायवरून मोबाइल डेटावर उडी मारली तरी दोर सोडत नाही.

६. राजगडचा धडा
राजगडाला पाली दरवाजा आहे, गुंजवणे दरवाजा आहे आणि चोरदरवाजाही आहे. चांगल्या सर्व्हरलाही असतो. त्याच्या मदरबोर्डवर ‘बीएमसी’ नावाचा एक चिमुकला स्वतंत्र संगणक बसवलेला असतो. सर्व्हर बंद पडला तरी वायरीत वीज आहे तोवर हा जागा. त्याच्याकडून भोरमध्ये बसून सर्व्हरचा पडदा पाहता येतो, कळफलक चालवता येतो, बटण दाबल्यासारखं यंत्र बंद-चालू करता येतं. त्याच्याशी बोलायची ‘आयपीएमआय’ ही सामायिक भाषा १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून ठरवली. मात्र चोरदरवाजावरच पहारा कडक हवा. बीएमसी कधीही उघड्या इंटरनेटवर ठेवू नये. त्याच्यापर्यंतची वाट व्हीपीएनमधूनच, म्हणजे सुरक्षित खासगी बोगद्यातूनच, असावी.

७. भाटघरचे दरवाजे आणि राखणदार घड्याळ
भोरजवळ वेळवंडी नदीवरच्या भाटघर धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते उघडतात. या कल्पनेचं पुणे जिल्ह्याशी जुनं नातं आहे: विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले होते. सर्व्हरमधला ‘वॉचडॉग’ याच जातीचा. यंत्राने दर थोड्या वेळाने त्याला ‘मी ठीक आहे’ असं कळवायचं. निरोप आला नाही, की वॉचडॉग कुणालाही न विचारता यंत्र पुन्हा सुरू करतो. मध्यरात्री तुम्ही झोपेत असतानाही.

८. बसल्या फांदीवर घाव
दुरून नेटवर्कची मांडणी बदलताना स्वतःचीच वाट बंद करून बसणं ही सर्वांत नेहमीची चूक. त्यावर सुंदर तोड निघाली आहे. उबुंटूमधली ‘नेटप्लॅन ट्राय’ ही आज्ञा नवी मांडणी लावते आणि १२० सेकंद थांबते. तुम्ही होकार दिलात तर मांडणी पक्की. तुम्हीच बाहेर अडकलात तर होकार येत नाही आणि जुनी मांडणी आपोआप परत येते.

९. निळा दिवा
डिस्क बदलायची तर माणसाचा हात लागतोच. त्यासाठी डेटा सेंटरमध्ये ‘रिमोट हँड्स’ ही सेवा असते. तिथला तंत्रज्ञ तुमच्या सांगण्यावरून काम करतो. पण एकसारख्या शेकडो यंत्रांत तुमचं कोणतं? घरातून एक आज्ञा द्या, तुमच्या यंत्रावरचा दिवा, बहुधा निळा, १५ सेकंद लुकलुकतो. शिवाय यंत्राच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे नावाची ठळक चिठ्ठी लावाच.

१०. थोरामोठ्यांच्या दोन गोष्टी
४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं. नेटवर्कच्या देखभालीतली एक चुकीची आज्ञा निमित्त ठरली. दुरुस्तीची आतली साधनं त्याच नेटवर्कवर अवलंबून होती आणि अडचणीसाठी राखलेली दुसरी वाटही चालेना. शेवटी अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटर गाठावं लागलं.

उलट गोष्ट व्हॉयेजर-१ ची. १९७७ मध्ये निघालेलं हे यान सुमारे २,४०० कोटी किलोमीटरवरून नोव्हेंबर २०२३ मध्ये निरर्थक बडबडू लागलं. त्याची एक मेमरी चिप गेली होती. निरोप जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. अभियंत्यांनी चिपमधला प्रोग्राम तुकडे करून दुसऱ्या जागी हलवला आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा समजेल असं बोलू लागलं. तिथे कुठला तंत्रज्ञ आणि कुठला निळा दिवा!

जाता जाता
आपल्या डोंगरांवरच्या पावसाचं गणितही अशाच बंद खोलीतली यंत्रं सोडवतात. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेतला ‘अर्क’ हा महासंगणक ११.७७ पेटाफ्लॉप्सचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडी करणारा. २६ सप्टेंबर २०२४ ला मुसळधार पावसामुळे पंतप्रधानांचा पुणे दौरा रद्द झाला आणि हवामानाच्या या यंत्राचं लोकार्पण दुरूनच, व्हिडिओवरून झालं.

तुमचा सर्व्हर पाठवायच्या आधी एक दिवस तो घरातल्याच दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्याला हात न लावता बंद करून पुन्हा चालू करा. जमलं तरच खोक्यात भरा. तिथे पोचल्यावरही महिन्यातून एकदा बीएमसीच्या वाटेने आत जाऊन या. वापरात नसलेली पायवाट एका पावसाळ्यात कारवीखाली गडप होते, हे इथल्या प्रत्येक गुराख्याला माहीत आहे.