टोपलीतली पेटुनिया आणि पुलगावचं ऊन

"आमच्या हाताला झाड लागतच नाही," हे वाक्य पुलगावात घरोघरी ऐकू येतं. फेब्रुवारी संपता संपता रोपवाल्याची गाडी दारावर येते. जांभळ्या-गुलाबी पेटुनियाने ओसंडणारी लटकती टोपली तो हातात धरून दाखवतो. "घेऊन जा काकू, काही नाही होत, पानी टाकत जा रोज." काकू घासाघीस करून टोपली घेतात, गॅलरीत टांगतात, पाणीही नेमाने घालतात. होळी उलटून पंधरा-वीस दिवस होतात न होतात तोच टोपलीत काड्या उरतात, आणि दोष हाताला लागतो.

हाताचा इथे काही संबंध नाही. पेटुनिया आपल्याकडे हिवाळी फूल आहे. नवरात्राच्या आसपास बी टाकायचं, दिवाळीच्या सुमारास रोपं टोपलीत लावायची, डिसेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत फुलं घ्यायची, एवढंच तिचं आयुष्य. फेब्रुवारीच्या शेवटी जी टोपली भरगच्च दिसते, ती हंगाम जवळजवळ जगून झालेली असते. गाडीवाला खोटं बोलत नाही. तो फक्त महिना सांगत नाही. पॅन्सी, डायांथस, फ्लॉक्स यांचंही तेच. बागकामाचे व्हिडिओ पाहून "वर्षभर बहर" अपेक्षिणाऱ्यांनी ते व्हिडिओ कुठल्या गावात काढलेत हे आधी बघावं. बंगळूरच्या गॅलरीत जे चालतं ते मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या वर्धा जिल्ह्यात चालेलच असं नाही.

मग उन्हाळ्यात टोपल्या रिकाम्याच ठेवायच्या का? मुळीच नाही. चिनी गुलाब, ज्याला कुणी ऑफिस टाइमही म्हणतात, ऊन चढल्याशिवाय उमलतच नाही. तो ज्या कुळातला आहे, त्या घोळीच्या कुळाने उष्ण आणि कोरड्या हवेत तगण्याच्या दोन वेगवेगळ्या प्रकाशसंश्लेषण पद्धती एकाच झाडात जमवल्या आहेत. वनस्पतींमध्ये हे फार विरळ आहे. सदाफुलीही अशीच चिवट. मूळची ती मादागास्करची, आणि रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टीन हे औषध तिच्यापासूनच मिळालं. पण ती भिंतीच्या फटीत फुकट उगवते म्हणून तिला टोपलीत लावायला लोकांना कमीपणा वाटतो. एप्रिलमध्ये जे झाड हसतमुख राहतं ते स्वस्तातलं, आणि जे माना टाकतं ते शोभेचं, असा आपला हिशेब आहे.

दुसरा गैरसमज मातीचा, आणि तो अभिमानाने सांगितला जातो: "आमची काळी माती कसदार, कापूस पिकवते, फूल नाही पिकवणार?" शेतात ती कसदारच आहे. पण बेसाल्टच्या खडकापासून बनलेल्या या मातीत फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकणमातीचं प्रमाण मोठं असतं. शेतात तिला खाली खोली मिळते, बाजूला पसरायला जागा मिळते, मुळांना भेगांतून वाट मिळते. टोपलीत जेमतेम सहा-सात इंच. ओली झाली की सगळ्या पोकळ्या बुजतात आणि मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आकसून टोपलीच्या कडेपासून सुटते. अशा वाळलेल्या टोपलीत तांब्याभर पाणी ओतून बघा. क्षणात ते कडेच्या फटीतून खाली टपकायला लागतं, पाहणाऱ्याला वाटतं पाणी पोचलं, आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत राहतो. यावर उपाय एकच: टोपली अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवून ठेवायची. बुडबुडे यायचे थांबले की समजायचं, आत पाणी शिरलं.

"मग वाळू मिसळा, भुसभुशीत होते." नाही होत. चिकण मातीत थोडी वाळू घातली तर वाळूच्या कणांमधल्या जागा चिकण मातीच भरून टाकते आणि गोळा आणखी कडक होतो. फरक पडायचा तर निम्म्याहून जास्त जाड वाळू लागते, आणि मग टोपली कडीसकट खाली यायची. टोपलीसाठी कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत निम्मं-निम्मं, त्यात जमलं तर भाताचं तूस, आणि काळी माती असलीच तर मूठभर. शेणखत कुजलेलंच हवं. ताज्या शेणाबरोबर हुमणी घरात येते आणि मुळं कुरतडते. कोकोपीटबद्दल एक सांगून ठेवतो. ती माती नाही, खत तर नाहीच. तिच्यात झाडाला खायला जवळजवळ काही नसतं, उलट नारळाच्या सोडणातलं मीठ असतं. म्हणून कोकोपीटची वीट भिजवून, फुगवून, दोनदा पिळून पाणी फेकायचं आणि मगच वापरायची.

नर्सरीतून आलेल्या रोपाचाही गोळा तपासावा. आपल्याकडे येणारी बरीचशी रोपं आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून येतात, मुळांशी लाल चिकट मातीचा घट्ट गोळा घेऊन. "गोळा फोडू नका, रोप मरते" हा सल्ला सरसकट पाळला, की भुसभुशीत मिश्रणात तो लाल गोळा तसाच राहतो. आजूबाजूचं मिश्रण ओलं आणि गोळा कोरडा, किंवा उलट. गोळा पाण्यात भिजवून बाहेरची माती बोटांनी हलकेच सोडवावी. दोन-चार मुळं तुटली तर रोप रुसत नाही, फक्त हे काम भर उन्हात करू नये.

आता खडीची गोष्ट. कुंडीच्या तळाशी खडी, विटांचे तुकडे, खापऱ्या घातल्या की पाण्याचा निचरा होतो, हे आजीपासून चालत आलं आहे. खरं नेमकं उलट आहे. पाण्याची रिकामी बाटली अर्ध्यावर कापा, बुडाला चार भोकं पाडा, दोन बोटं खडी घाला, वर मिश्रण भरा आणि हळूहळू पाणी सोडा. पाणी खाली उतरतं आणि खडीच्या सीमेवर येऊन थबकतं. वरची माती काळीभोर होते, खडी कोरडीच. बारीक कणांतलं पाणी जाड कणांत लगेच उतरत नाही. वरचा थर पुरता भरून गेला तरच थेंब सुटतो. म्हणजे खडीने निचरा तर झाला नाहीच, पण चिखलाचा थर दोन बोटं वर, थेट मुळांत सरकला. उथळ टोपलीत हे फार महागात पडतं. भोकावर एक खापरी माती सांडू नये म्हणून ठेवा, हरकत नाही. बाकी तळापासून एकच मिश्रण भरा.

पाण्याविषयी आपल्या भागात जो गैरसमज आहे तो बाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाही, कारण त्यांच्याकडे कूलर नाहीत. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालायची पद्धत घराघरांत आहे. हेतू चांगला, पाणी वाईट. कूलर पाण्याची वाफ करतो, क्षार मागे ठेवतो. रोज बोअरचं नवं पाणी भरतो तेव्हा नवे क्षार येतात, वाफ पुन्हा उडून जाते. आठ दिवसांनी टाकीत जे उरतं ते मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. कूलरच्या जाळीवर आणि खसावर जमलेला पांढरा थर म्हणजे तेच क्षार. कुंडीच्या काठावरही तसाच थर दिसतो, त्याला लोक बुरशी समजून औषध मारतात. ते पाणी अंगणातल्या कडुलिंबाला घालावं, त्याला काही होत नाही. टोपलीत मात्र क्षारांना जायला जागा नसते, पानांच्या कडा करपतात. आरओ मशीनच्या नळीतून वाया जाणारं पाणीही याच जातीचं. एसीच्या नळीतलं पाणी वेगळं. ते हवेतल्या वाफेचं असतं, जवळजवळ बिनक्षाराचं, खुशाल घाला. पावसाळ्यात टोपल्या दोन-तीन दिवस उघड्यावर ठेवल्या की साचलेले क्षार धुऊन जातात, इतका साधा उपाय दुसरा नाही.

"दुपारी पाणी घातलं की थेंबांतून ऊन जाऊन पानं जळतात." हे तर शिकलेले लोकही सांगतात. हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून २०१० साली 'न्यू फायटोलॉजिस्ट' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. गुळगुळीत पानावर थेंब पसरून बसतो, त्याचा केंद्रबिंदू पानाच्या पलीकडे पडतो, पान जळत नाही. केसाळ पानांवर थेंब उचललेला राहिला तरच थोडी शक्यता. तरीही पुलगावात दुपारी पाणी घालू नका असंच मी सांगेन, पण कारण वेगळं आहे. स्लॅबवरच्या टाकीतलं आणि उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी मे महिन्यात हात पोळेल इतकं तापतं, आणि ते मुळांवर पडतं. रात्री बादली भरून ठेवायची आणि ते पाणी सकाळी घालायचं. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये म्हणतात, ते फुलं तोडण्यापुरतं. उन्हाळ्यात संध्याकाळी पाणी घातलं तर झाड खूशच होतं. पावसाळ्यात मात्र संध्याकाळी पानं भिजवू नयेत, बुरशी धरते.

दुपारी पानं मलूल दिसली की लगेच पाणी ओतणारेही पुष्कळ. झाड पानांतून जेवढं पाणी उडवतं तेवढं मुळांना तेव्हा पुरवता येत नाही, म्हणून ते मान टाकतं. मुळाशी ओल असेल तर सूर्य कलला की ताठ होतं. टोपली हाताने उचलून बघावी. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर थांबावं.

खतांचे घरगुती उपाय एका दमात उरकता येतील. अंड्याची टरफलं विरघळायला आम्लता लागते. आपली माती अल्कधर्मी, त्यात चुनाही आधीच भरपूर, त्यामुळे टरफलं वर्षभर तशीच सापडतात. एप्सम सॉल्टमधलं मॅग्नेशियमही काळ्या मातीत सहसा कमी नसतं. कपाशीसाठी आणलेला युरिया घरात असतोच, म्हणून चमचाभर टोपलीत टाकण्याचा मोह होतो. युरियात ४६ टक्के नत्र असतं. एवढ्याशा जागेत त्याने मुळं पोळतात, आणि वाचलं तरी झाड पानांनी माजतं, फूल देत नाही. रोजच्या पाण्याबरोबर टोपलीतलं खत वाहून जातं, म्हणून कृषी केंद्रातलं १९:१९:१९ लिटरमागे एक ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी, ओल्या मातीतच द्यावं. पेटुनियाची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ते नत्राचं नव्हे, लोहाचं दुखणं. अल्कधर्मी पाण्याने लोह मुळांना घेता येत नाही. तिथे युरिया ओतून उपयोग नाही. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन पानांवर फवारावं.

हिरवी जाळीही बघून घ्यावी. ७५ टक्क्यांची जाळी पाऊण उजेड अडवते. तिच्याखाली पानं छान वाढतात, फुलं येत नाहीत. पश्चिमेच्या उन्हाला ५० टक्क्यांची पुरे, आणि चिनी गुलाबाला तीही नको. टोपलीखाली ठेवलेल्या बशीत पाणी साठवलं तर गावाला गेल्यावर झाड जगतं, असं समजून ते साठवू नका. तिथे डेंग्यूच्या डासाचं अंडं आठवडा-दीड आठवड्यात डास होऊन उडतं. बशी आठवड्यातून एकदा पुसून कोरडी करायलाच हवी.

राहिलं टांगण्याचं. टोपली घेताना हातात हलकी लागते म्हणून लोक पीओपीच्या छताला हूक लावतात. काळ्या मातीची भिजलेली टोपली कोकोपीटच्या टोपलीच्या जवळजवळ दुप्पट भरते, आणि वाऱ्याने झोके घेतले की हिसके वेगळेच. हूक स्लॅबच्या काँक्रीटमध्ये फास्टनर ठोकूनच बसवावा. मृगाच्या आधी आपल्याकडे दोन-चारदा वादळ सुटतं. पश्चिमेला काळं दिसलं की टोपल्या उतरवून भिंतीच्या आडोशाला जमिनीवर ठेवाव्यात.