फीचर लेखनाचा ऑनलाइन कोर्स: फी भरण्याआधी हे बघून घ्या

‘घरबसल्या लेख लिहा आणि कमवा’ अशा जाहिराती तुमच्याही मोबाईलवर येतच असतील. आधी स्वस्तातला वेबिनार, मग शेवटच्या पाच मिनिटांत काही हजारांचा ‘ॲडव्हान्स’ कोर्स. घ्यावा का? माझं उत्तर सरळ आहे. नुसत्या व्हिडिओंसाठी पैसे घालवू नका. तुम्ही लिहिलेला लेख कुणी जाणकार माणूस वाचून, खुणा करून परत देणार असेल, तर विचार करा.

कारण फीचरचा सांगाडा शिकायला फार वेळ लागत नाही. बातमी सांगते काय घडलं. फीचर सांगतं ते कसं चालतं, कुणाच्या अंगावर येतं आणि आत्ताच का सांगायचं. सुरुवातीला एक माणूस किंवा एक प्रसंग, त्यानंतर ‘हा लेख नेमका कशाबद्दल’ हे उघड करणारा परिच्छेद. अमेरिकेतले पत्रकार त्याला ‘नट ग्राफ’ म्हणतात. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने ही पद्धत गाजवली, आणि त्याच पेपरच्या विल्यम ब्लंडेल यांचं फीचर लेखनावरचं पुस्तक १९८८ पासून उपलब्ध आहे. कोर्समधले बरेच व्हिडिओ हेच फिरवून फिरवून सांगतात.

खरी अडचण लिहायला बसल्यावर येते. समजा, तुम्ही गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर लेख घेतला. पहिलं वाक्य हमखास येतं: ‘पिठाची गिरणी हा आपल्या जीवनाचा अविभाज्य भाग आहे.’ व्हिडिओ यावर काहीच बोलणार नाही, कारण त्याने तुमचं पान वाचलेलंच नाही. तपासणारा चांगला असेल तर तो ते वाक्य खोडतो आणि विचारतो: मिरचीनंतर लगेच कुणाचे तांदूळ का टाकत नाहीत? उपवासाची भाजणी कधी दळून देतात? दगडाला टाकी किती दिवसांनी लावतात, आणि ती लावणारा माणूस आता मिळतो का? पाच किलोचं तयार पीठ दुकानात आल्यापासून कुठलं गिऱ्हाईक तुटलं आणि कुठलं टिकलं? विजेचं बिल किती येतं?

आता तुम्हाला पुन्हा गिरणीत जावं लागतं. तेही सकाळी, गर्दीच्या वेळेत, वही घेऊन. माझ्या मते फी द्यायची ती या दुसऱ्या फेरीसाठी.

आणि इथे धंदा करणाऱ्या माणसाचा फायदा आहे, बरं का. उधारी कशी वसूल होते, मशीन बंद पडलं तर दिवसाचं किती नुकसान, हे प्रश्न तुम्हाला सुचतात. नुसतं पुस्तक वाचून आलेल्याला ते सहसा सुचत नाहीत.

म्हणून फी भरण्याआधी फोन करून विचारा: माझे किती लेख तपासणार? कोण तपासणार, आणि त्यांचं छापून आलेलं लेखन कुठे वाचायला मिळेल? दुरुस्त केलेला दुसरा खर्डा पुन्हा वाचणार का? नाव झाकून तपासलेल्या एका लेखाचा नमुना मागा. टाळाटाळ झाली तर समजून जा. तपासणारा मराठी वाचणारा आहे ना, हेही बघा. इंग्रजीतले नियम जसेच्या तसे चालत नाहीत. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य लांबलं की वाचकाचा दम जातो. आणि वऱ्हाडी माणसाच्या तोंडी पुणेरी वाक्य घातलं की लेख मेलाच!

सर्टिफिकेटच्या मागे लागू नका, संपादक आधी लेख बघतो. तरी हवंच असेल, तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम’वर कोर्स मोफत शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी वेगळी असते. वाचायला अनिल अवचट घ्या. निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर त्यांनी कसं लिहिलंय ते बघा. ‘परी’वर ग्रामीण भागातले लेख मराठीत फुकट वाचता येतात.

आता पैशांचं बोलू. पुरवणीतल्या लेखाचं मानधन सहसा थोडं असतं, उशिरा येतं, कधी येतच नाही. त्यावर हप्ते बसवू नका. आपल्याकडे १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून लेखांना हंगाम आहे, पण तोही वर्षातून एकदाच. बारमाही काम इतर ठिकाणी मिळू शकतं: पतसंस्थेची स्मरणिका, कारखान्याचं गृहपत्र, एखाद्या जुन्या दुकानाच्या पन्नाशीची पुस्तिका. फक्त एक पथ्य पाळा. दुकानदाराने पैसे देऊन लिहून घेतलं तर ती जाहिरात आहे. तोच मजकूर स्वतंत्र लेख म्हणून पेपरला पाठवू नका. एकदा कळलं की तो संपादक तुमचा दुसरा लेख उघडणार नाही.

लेख स्वीकारला गेला की मेलवर तीन गोष्टी लिहून घ्या: मानधन किती, कधी मिळणार, आणि हक्क कुणाकडे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही नोकरीत नसाल तर सर्वसाधारणपणे लेखाचे पहिले मालक तुम्हीच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ दिसली तर सही करण्याआधी ती बदलून मागा. पुढेमागे पुस्तक काढायचं झालं तर हेच लेख तुम्हाला लागणार आहेत.