'पोट भरलं' असं कोण म्हणतं?

इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्या नातवंडांना जेवताना एक वाक्य हमखास येतं : 'आय अ‍ॅम फुल'. ते मराठीत आणून बघा. 'मी भरलो'? असं कुणी म्हणत नाही. आपल्याकडे पोट भरतं, 'मी' भरत नाही. यावरून देह वेगळा आणि आत्मा वेगळा असा मोठा डोलारा उभा करता येईल. आम्ही तो मोह टाळतो. व्याकरणातून तत्त्वज्ञान काढणं सोपं असतं आणि बहुतेक वेळा फसवं.

इंग्रजीतलं 'आय अ‍ॅम स्टफ्ड' घरच्या माणसांत चालतं. परक्या यजमानाकडे 'आय कुडन्ट ईट अनदर बाइट' म्हणावं; आपलं 'आता एक घास जायचा नाही' ते हेच. 'आय हॅव हॅड इनफ' मात्र जपून वापरावं. आवाज जरा चढला, की 'आता सहन होत नाही' असा अर्थ होतो. आपल्या 'पुरे'चंही तसंच आहे की! हा 'पुरे' भरण्याच्या अर्थाच्या संस्कृत धातूतून आला. पोळीतलं पुरणही त्याच कुळातलं. 'बास' फारसीतून आला. आणि 'भरून पावलो' हा तर देण्याघेण्याच्या कागदातला शब्द : रक्कम पूर्ण मिळाली. जेवणारा जणू पावतीच फाडून देतो.

पण या शब्दांचा कस लागतो तो पंगतीत. इथं मांडवगण फराट्याकडे लग्नाच्या पंगतीला बसा आणि 'पुरे' म्हणून बघा. वाढपी बुंदी वाढून पुढं जातो! जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्ववेत्त्यानं 1955 साली हार्वर्डला व्याख्यानं दिली. 1962 मध्ये त्यांचं पुस्तक झालं. त्याचं म्हणणं असं, की काही वाक्यं नुसती माहिती देत नाहीत, ती उच्चारणं हीच एक कृती असते. मात्र ती कृती घडायला समोरच्यानंही तो रिवाज मानावा लागतो. आपल्या रिवाजात पहिला 'नको' मोजतच नाहीत. पत्रावळीवर हात आडवा धरला, तरच तो खरा. इंग्रजांच्या टेबलावर पहिलाच 'नो, थँक यू' खरा धरतात, आणि आग्रहाची वाट बघणारा आपला माणूस अर्धपोटी उठतो.

आता या आग्रहाच्या रिवाजातून एक व्यक्ती कायम सुटते : सगळ्यांना वाढून शेवटी बसणारी बाई. ती 'झालं माझं, पोट भरलं' म्हणते, तेव्हा तिला आग्रह करायला कुणी उरलेलं नसतं, आणि पुष्कळदा टोपल्यात भाकरीही उरलेली नसते. वाक्य तेच, सूरही तोच. वाढप्याला 'पुरे' खोटा वाटतो. तिचा 'पुरे' मात्र घरातले सगळे पहिल्याच खेपेला खरा मानतात. ती खरंच जेवली का, हे वाक्यावरून कळत नाही. उठून टोपलं बघावं लागतं.