परसातली प्रत्येक चिमणी घरचिमणी नसते

परसात तांदळाचे दाणे टाकले की चिमण्यांच्या थव्यात कधी एखादी किंचित वेगळी चिमणी उतरते. घरचिमणीची मादी समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. झाडी असलेल्या भागात ती रानचिमणी, म्हणजेच पीतकंठी चिमणी असू शकते. नावावर विसंबून गळ्यावरचा पिवळा ठिपका शोधत बसू नये. मादीत तो अगदी फिका असतो. नराचाही, मान वर केल्याशिवाय सहसा दिसत नाही. पाहावी ती पाठ. घरचिमणीच्या मादीच्या पाठीवर गडद रेघा असतात, रानचिमणीची पाठ मात्र रेघांविना, करडी-तपकिरी. पंखावर दोन पांढुरके पट्टे, नराच्या खांद्यावर तांबूस डाग आणि चोच जरा बारीक.

सलीम अली यांनी बालपणी एअरगनने पाडलेला अनोळखी पक्षी हाच. तो घेऊन ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि मिलर्ड यांनी त्याची ओळख पटवून दिली. आता बंदुकीची गरज नाही, मोबाइल पुरतो. चिमण्यांची गणती करणाऱ्यांनी तर हा फरक जाणलाच पाहिजे. एरवी रानचिमण्याही मोजल्या जातात आणि घटत्या घरचिमण्या कागदावर वाढलेल्या दिसतात. छायाचित्र शक्यतो पाठीमागून घ्यावे.