केंद्रक फोडलं की बंधनऊर्जा बाहेर पडते?

‘अणूच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांना एकत्र धरून ठेवणारी प्रचंड ऊर्जा साठवलेली असते. केंद्रक फोडलं की ती बंधनऊर्जा मोकळी होते. हीच अणुऊर्जा.’

थोड्याफार फरकाने हा मजकूर सगळीकडे सापडतो. विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यांवर, क्लासच्या छापील नोट्समध्ये, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, लाखो लोकांनी पाहिलेल्या व्हिडिओंमध्ये. ऐकायला सोपा आहे, लक्षात राहतो आणि परीक्षेत गुणही मिळवून देतो. पण तो चूक आहे. थोडाथोडका नाही, तर नेमका उलटा. म्हणूनच तो पुन्हा पुन्हा कानावर आला की राग येतो: अर्धवट माहिती पुढे पुरी करता येते, उलटी बसलेली आधी उपटावी लागते.

बंधनऊर्जा ही केंद्रकाजवळ असलेली ऊर्जा नाही. केंद्रक बनताना जी बाहेर निघून गेली आणि आता त्याच्याजवळ नाही, ती बंधनऊर्जा. विहिरीत पडलेला दगड बाहेर काढायचा तर दोर ओढण्याचं काम आपल्याला करावं लागतं, आणि विहीर जितकी खोल तितकं काम जास्त. बंधनऊर्जा म्हणजे ही खोली. खोल विहिरीच्या तळाशी बसलेला दगड कुणाला ऊर्जा देत नाही.

हे कुणाच्या सांगण्यावरून मानायची गरज नाही. आकडे मोजलेले आहेत, वजाबाकी आपण करू. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जोडून बनणारं सगळ्यात साधं केंद्रक म्हणजे ड्युटेरॉन, जड हायड्रोजनचं केंद्रक. त्यात एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन. अणुकेंद्रकाच्या अभ्यासात वस्तुमान ऊर्जेच्या एककात सांगतात, दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये, म्हणजे एमईव्हीमध्ये. सुटा प्रोटॉन 938.272. सुटा न्यूट्रॉन 939.565. बेरीज 1877.837. आता दोघांचं मिळून बनलेलं ड्युटेरॉन मोजलं, तर ते भरतं 1875.613. म्हणजे 2.224 एमईव्हीची तूट.

ही तूट कुठे गेली? हायड्रोजनच्या केंद्रकाने, म्हणजे एकट्या प्रोटॉनने, एखादा मंद न्यूट्रॉन पकडला की तिथून एक गॅमा किरण बाहेर पडतो. त्याची ऊर्जा मोजली की जवळजवळ तेवढीच भरते, सुमारे 2.22 एमईव्ही. साध्या पाण्यावर चालणाऱ्या प्रत्येक अणुभट्टीत हे सतत घडत असतं. ऊर्जा मिळाली ती जोडणी होताना, तुटताना नव्हे.

आणि तुटताना? त्याचा प्रयोग 1934 मध्येच झाला. केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविक आणि मॉरिस गोल्डहाबर यांनी जड हायड्रोजनवर थोरियमपासून मिळणाऱ्या किरणोत्सारी पदार्थाचे गॅमा किरण सोडले. त्यांची ऊर्जा 2.62 एमईव्ही. ड्युटेरॉन फुटलं, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वेगळे झाले. पण त्या दोघांच्या वाट्याला आलेली गतिज ऊर्जा गॅमा किरणाने आणलेल्या ऊर्जेपेक्षा कमी भरली. सुमारे 2.2 एमईव्ही निव्वळ फोडण्यातच खर्ची पडले. ‘नेचर’ नियतकालिकात त्याच वर्षी हा निष्कर्ष छापून आला. केंद्रक फोडायला पदरची ऊर्जा घालावी लागते, ही गोष्ट नव्वद वर्षांहून अधिक काळ प्रयोगाने सिद्ध आहे.

याच गोष्टीशी महाराष्ट्रातल्या अणुभट्टी अभियंत्यांची रोज गाठ पडते. तारापूरचे 540 मेगावॉटचे 3 आणि 4 क्रमांकाचे संच आणि ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी जड पाण्यावर चालतात, आणि जड पाण्यात भरलेली असतात ड्युटेरॉनच. अणुभट्टी बंद केल्यावरही आतल्या विखंडन-तुकड्यांमधून गॅमा किरण येत राहतात. त्यांतले 2.2 एमईव्हीपेक्षा जास्त ऊर्जेचे किरण ड्युटेरॉन फोडतात आणि थोडे न्यूट्रॉन मोकळे होतात. त्याहून कमी ऊर्जेच्या किरणाला ते जमत नाही, मग असे किरण कितीही येवोत. बंद अणुभट्टीतली न्यूट्रॉनसंख्या पाहताना हा हिशेब धरावाच लागतो.

‘मग युरेनियम फुटल्यावर ऊर्जा मिळते ती कुठून?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं.

आधी एक साधी तपासणी करू. फोडल्याने बंधनऊर्जा बाहेर येत असती, तर युरेनियम-235 च्या एका केंद्रकातून 1784 एमईव्ही मिळायला हवे होते, कारण त्याची एकूण बंधनऊर्जा तेवढी आहे. मिळतात सुमारे 200. शिवाय प्रत्येक कणामागे बंधनऊर्जा सर्वांत जास्त असते ती लोह आणि निकेलच्या परिसरात, कणामागे जवळजवळ 8.8 एमईव्ही. युरेनियममध्ये ती 7.6 च भरते. म्हणजे त्या समजुतीप्रमाणे लोखंड हे जगातलं सर्वोत्तम अणुइंधन ठरायला हवं. प्रत्यक्षात लोखंडापासून विखंडनानेही ऊर्जा मिळत नाही आणि संमीलनानेही नाही. प्रचंड ताऱ्यांच्या गाभ्यात तर याची परिणती भयंकर होते. गाभा लोहाचा झाला आणि तापमान पुरेसं चढलं की गॅमा किरण लोहाची केंद्रकं फोडू लागतात. लोह-56 चं एक केंद्रक फुटून हीलियमची तेरा केंद्रकं आणि चार न्यूट्रॉन व्हायला 124 एमईव्ही लागतात. ही ऊर्जा गाभ्यातूनच शोषली जाते, गाभ्याला तोलून धरणारा दाब अपुरा पडतो आणि तारा आत कोसळायला यामुळे हातभार लागतो.

आता युरेनियम. त्याचं केंद्रक न्यूट्रॉन गिळून फुटलं आणि, उदाहरणार्थ, बेरियम-141, क्रिप्टॉन-92 आणि तीन सुटे न्यूट्रॉन असं विभाजन झालं, असं धरू. बेरियमची बंधनऊर्जा सुमारे 1174, क्रिप्टॉनची 783. दोन्ही मिळून 1957. युरेनियमची होती 1784. बंधनऊर्जा कमी झाली नाही, वाढली, 173 एमईव्हीने. हीच वाढ ऊर्जा म्हणून आपल्या हाती येते. तुकडे पुढे किरणोत्सर्ग करत आणखी घट्ट बांधलेल्या केंद्रकांकडे सरकतात आणि सगळं मिळून आकडा सरासरी 200 च्या घरात जातो.

तुकड्यांना दूर फेकतं कोण, हेही सांगितलं पाहिजे. त्या ढकलण्यामागे केंद्रकातल्या कणांना बांधून ठेवणारं केंद्रकीय बल नाहीच. ती प्रोटॉन-प्रोटॉनमधली साधी विद्युत प्रतिकर्षणाची करामत आहे. डिसेंबर 1938 मध्ये स्वीडनच्या कुंगेल्व्ह गावी लिझे माइटनर आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश बर्फातून फिरायला निघाले होते. बर्लिनहून ओटो हान यांचं पत्र आलं होतं: युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले तर बेरियम मिळतंय. फ्रिश यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे की दोघं एका झाडाच्या बुंध्यावर बसले आणि कागदाच्या कपट्यांवर हिशेब सुरू झाला. दोन तुकडे वेगळे होताच विद्युत प्रतिकर्षणाने एकमेकांपासून पळतील, त्यांची ऊर्जा सुमारे 200 एमईव्ही यावी. मग माइटनर यांनी वस्तुमानाचा हिशेब मांडला. तूट आली प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या साधारण एक-पंचमांश, म्हणजे पुन्हा 200 च्या आसपास. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला. फेब्रुवारी 1939 मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचं टिपण आलं.

आता उरतो मूळ प्रश्न: प्रोटॉन एकमेकांना इतकं ढकलत असताना केंद्रक टिकतंच कसं? एका मीटरच्या अब्जांश भागाचा पुन्हा दहा लाखावा भाग म्हणजे एक फेम्टोमीटर. दोन प्रोटॉन दोन फेम्टोमीटरवर ठेवले तर त्यांच्यातलं प्रतिकर्षण सुमारे 58 न्यूटन भरतं, जवळजवळ सहा किलोच्या वजनाएवढं, आणि तेही डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या कणावर. केंद्रकीय बल या अंतरात त्यावर मात करतं, पण त्याचा पल्ला दोन-तीन फेम्टोमीटरपलीकडे जवळजवळ संपतो. 1935 मध्ये हिदेकी युकावा यांनी कारण सुचवलं: हे बल ज्या कणांच्या देवाणघेवाणीतून येतं त्यांना वस्तुमान आहे, आणि वाहक जितका जड तितका पल्ला आखूड. तो कण, पायॉन, 1947 मध्ये वैश्विक किरणांच्या फोटोपट्ट्यांवर सापडला.

पल्ला आखूड असल्यामुळे मोठ्या केंद्रकातला प्रत्येक कण फक्त शेजाऱ्यांनाच धरू शकतो. विद्युत प्रतिकर्षणाला असं कुंपण नाही. युरेनियमचा प्रत्येक प्रोटॉन उरलेल्या 91 प्रोटॉनना ढकलत असतो. लहान केंद्रकांत बहुतेक कण पृष्ठभागावर असल्याने त्यांना शेजारी कमी मिळतात, अतिमोठ्यांत प्रतिकर्षण साचत जातं. मधल्या आकाराचीच केंद्रकं सर्वांत घट्ट असतात, ती यामुळे. म्हणून हलकी जोडली तरी ऊर्जा मिळते आणि फार जड फोडली तरी मिळते. नियम एकच: शेवटी जे उरतं ते आधीपेक्षा जास्त घट्ट बांधलेलं हवं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘न्यूट्रॉन हा प्रोटॉनांमधला डिंक आहे.’ न्यूट्रॉन ओढतो तसा प्रोटॉनही ओढतो. न्यूट्रॉनचा फायदा इतकाच की तो ओढण्यात भर घालतो, ढकलण्यात नाही. पण नुसते दोन न्यूट्रॉन एकत्र टिकत नाहीत, दोन प्रोटॉनही नाहीत. दोन कणांचं टिकाऊ केंद्रक बनतं ते एक-एक घेऊनच.

‘केंद्रकीय बल फक्त ओढतं.’ साधारण 0.7 फेम्टोमीटरच्या आत तेच बल जोरात ढकलतं. शिशाचं केंद्रक आतल्या आत कोसळत नाही, त्यामागचं हे एक मोठं कारण.

‘प्रोटॉन-न्यूट्रॉन यांच्यामध्ये ग्लुऑन ये-जा करतात.’ ग्लुऑन प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतल्या क्वार्कना बांधतात. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्यामध्ये दिसतो तो क्वार्कमधल्या बलाचा बाहेर झिरपलेला अंश, आणि त्याचे वाहक पायॉनसारखे मेसॉन.

‘गुरुत्वाकर्षणही मदत करतं.’ दोन प्रोटॉनांमधलं गुरुत्व त्यांच्या विद्युत प्रतिकर्षणापेक्षा सुमारे 10 चा 36 वा घात इतक्या पटीने दुबळं आहे.

‘विखंडनात कण नाहीसे होऊन त्यांची ऊर्जा बनते.’ वरच्या उदाहरणात 236 कण आत गेले आणि 141, 92 व 3 मिळून 236 च बाहेर आले. एकही कण नाहीसा झाला नाही, सगळ्यांचं मिळून वस्तुमान तेवढं घटलं. कोळसा जळतानाही ते घटतं, पण मोजता येणार नाही इतकं कमी.

‘लोह-56 सर्वांत घट्ट बांधलेलं.’ पहिला नंबर निकेल-62 चा आहे, कणामागे 8.795 एमईव्ही. लोह-56 ला 8.790. फेवेल यांचा 1995 चा ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मधला लेख नेमका याच चुकीवर आहे.

विज्ञान शिकवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. बंधनऊर्जेची व्याख्या फळ्यावर लिहून देण्याआधी ड्युटेरॉनची वजाबाकी मुलांकडून करून घ्या. तीन आकडे पुरतात, कॅल्क्युलेटरही लागत नाही. जोडल्यावर वस्तुमान कमी का भरलं, हे मुलं स्वतःहून विचारतील. व्याख्या त्यानंतर सांगा.