पहिल्या टप्प्याचं औषध आणि आपली सही



मागच्या वेळी मी कर्जाच्या कागदांबद्दल बोलले होते. गटाची मीटिंग असते, दहा जणी एकामागून एक सह्या करतात, कुणी अंगठा लावते, आणि आत काय लिहिलं आहे ते अध्यक्ष-सचिवांनाच ठाऊक. कधी कधी त्यांनाही नसतं. आज आणखी एका कागदाबद्दल सांगते. त्याला संमतीपत्र म्हणतात.

माझ्या मावशीला कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, केमो झाला, तरी गाठ परत आली. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की एक नवीन औषध आहे, अजून बाजारात आलेलं नाही, माणसांवरच्या चाचणीचा पहिला टप्पा चालू आहे, घ्यायचं का ते तुम्ही ठरवा. हातात वीस-बावीस पानांचा मराठी कागद दिला. मावसभाऊ म्हणाला, "आई, सही करून टाक. नवीन औषध आहे, फुकट आहे." मावशी चौथी शिकलेली, जन्मभर रोवणी केलेली बाई. तिनं डॉक्टरांनाच विचारलं, "हे औषध मला बरं कराले देऊन राहिले, का माझ्यावर पाहून राहिले?"

डॉक्टर भले होते. म्हणाले, "आधी पाहतो आहोत. त्यात तुम्हाला फायदा झाला तर चांगलंच."

हा प्रश्न मला सुचला नसता. मी तर बीए केलेली.

आता हे औषध कसं असतं ते आपल्या बांधीवरून सांगते. केमो म्हणजे अख्ख्या बांधीत मारलेला फवारा. गवत जळतं, थोडं धानही जळतं, म्हणून केस गळतात, तोंड येतं. नवीन औषधं निंदण करणाऱ्या बाईसारखी असतात. ती गवत ओळखते आणि तेवढंच उपटते. कॅन्सरच्या पेशीवर एक विशिष्ट खूण असते, औषध ती खूण धरून काम करतं. म्हणूनच आधी गाठीचा तुकडा तपासतात. खूण नसेल तर तुम्हाला घेता येणार नाही असं सांगतात. त्यात कुणाचा वशिला कमी पडला असं समजू नका. आणि निंदताना चुकून धानही उपटलं जातं, तसा त्रास या औषधांचाही होतो, फक्त वेगळ्या तऱ्हेचा.

पहिल्या टप्प्यात मुख्य प्रश्न असतो, औषध किती द्यायचं आणि किती दिलं तर त्रास होतो. थोड्या लोकांना थोडी मात्रा देतात, बघतात, मग पुढच्यांना वाढवतात. इमॅटिनिब नावाची गोळी आज रक्ताच्या एका कॅन्सरसाठी आपल्या देशातही बनते. तिची पहिली चाचणी अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झाली. सुरुवात रोज २५ मिलिग्रॅमपासून झाली, पुढे १००० पर्यंत गेली, एकूण ८३ लोक होते. त्यांतल्या ३०० किंवा जास्त मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांच्या रक्तातल्या पेशींचं प्रमाण जागेवर आलं. आता विचार करा, ज्यांना २५ मिळाली त्यांचं काय? त्यांनीही सहीच केली होती. पण त्या २५ वाल्यांशिवाय ३०० पर्यंत कुणी पोचलं नसतं. म्हणून "मला कोणती मात्रा मिळणार आणि माझ्या आधीच्यांना काय झालं?" हे विचारायचंच.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण बघा. मुंबईच्या आयआयटीनं आणि टाटा रुग्णालयानं मिळून एक उपचार काढला. ही गोळी नव्हे. रुग्णाच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सरच्या पेशीवरची सीडी-१९ नावाची खूण ओळखायला शिकवायचं, आणि परत शरीरात सोडायच्या. टाटाच्या खारघरच्या केंद्रात ४ जून २०२१ रोजी पहिल्या रुग्णाला तो दिला. पहिल्या टप्प्यात फक्त १४ जण होते, पुढचा टप्पा धरून ६४. सगळे असे, की आधीचे उपचार संपले होते किंवा रोग उलटला होता. ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी शंभरात ७३ जणांना गुण आला. आणि दोघांचा मृत्यू या उपचारामुळेच झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारची मंजुरी मिळाली, नाव नेक्सकार-१९. बातम्यांत ७३ येतात, ते दोघे येत नाहीत. संमतीपत्रात मात्र असे धोके लिहावेच लागतात, आणि म्हणूनच ते वाचायचं असतं.

२०१९ चे नियम आपल्या बाजूचे आहेत. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार सगळी बोलणी होईपर्यंत हजर पाहिजे. सही झाल्यावर नुसतं बोलावून आणलेला चालत नाही. काही चाचण्यांत ही बोलणी कॅमेऱ्यात घेतात, घाबरू नका. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, मृत्यू झाला तर वारसाला भरपाई. चाचणीची नोंद सरकारी यादीत असते, तिचा नंबर मागा. नैतिक समितीचा फोन नंबर कागदावर असतो. आणि कोणत्याही दिवशी "मला आता नको" म्हणता येतं. त्यासाठी नेहमीचा उपचार थांबवता येत नाही.

पण कागद एक, आणि घर दुसरं. औषध फुकट असलं तरी आठवड्याला रक्त द्यायला जावं लागतं. इथून गोंदियाला जा, तिथून विदर्भ एक्सप्रेस, सोबत एक माणूस, त्याची मजुरी बुडाली. रोवणीत कोण जाणार? जाण्यायेण्याचा खर्च देतात का, राहण्याचं काय, हे आधी विचारा, आणि तोंडी नको, कागदावर दाखवा म्हणा.

मावशीनं वेळ मागून घेतला. कागद घरी आणला. ओसरीवर बसून दोन संध्याकाळी मी तो मोठ्यानं वाचला. वार्षिक उत्पन्न विचारलं होतं, ते ऐकून ती हसली. पुढे वारसाचा रकाना आला तेव्हा गप्प झाली. मग म्हणाली, "सुनेचं लिही." मुलगा समोरच बसला होता.

तिनं सही केली. दुसऱ्या तपासणीत गाठ वाढलेली दिसली आणि डॉक्टरांनी तिला चाचणीतून काढलं. आता ती गावात आहे, दुखणं कमी करायच्या गोळ्या चालू आहेत, सकाळी अंगणात बसते. मी विचारलं, पस्तावा होतो का? म्हणाली, "त्यायनं आधीच सांगितलं होतं ना."

संमतीपत्राची एक प्रत आपल्याला द्यावीच लागते. मावशीची प्रत रेशन कार्डाच्या पिशवीत असते. गटाच्या पुढच्या मीटिंगला मी ती तिच्या परवानगीनं आणणार आहे. ज्यांच्या घरी असा कागद आला असेल त्यांनी आपलाही घेऊन या, बसून वाचू.