जुनी मोटारसायकल, बिनव्याजी आनंद

आमच्या घरातली मोटारसायकल या वर्षी पंधरा वर्षांची होते. पहिली सहा वर्षे ती खेड बाजारातल्या एका कापड दुकानदाराकडे होती, पुढची नऊ वर्षे आमच्याकडे. कायद्याप्रमाणे दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे गाडीची तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. त्यामुळे सध्या घरात एकच विषय आहे, गाडी ठेवायची की काढायची? मुलगा म्हणतो, "अब्बा, आता नवी घेऊ या. हप्ता काही फार नाही." त्याच्या अम्मीचे मत वेगळे आहे. या निमित्ताने आम्ही दोघे बसलो आणि या गाडीने आम्हाला काय काय दिले, ते आठवू लागलो. हा प्रश्न आज अनेक घरांत आहे, म्हणून ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

पहिला आनंद असा, की जुनी गाडी पहिल्या दिवसापासून आपली असते. कर्जाने घेतलेल्या नव्या गाडीच्या आर.सी.वर कर्ज देणाऱ्याचे नाव चढते, आणि शेवटचा हप्ता भरेपर्यंत ते उतरत नाही. आम्ही भिशीतून जमलेली रक्कम रोख मोजली आणि गाडी घरी आणली. व्याज नाही, दर महिन्याच्या पाच तारखेची धास्ती नाही. शिवाय गाडीची किंमत सर्वांत जास्त उतरते ती पहिल्या काही वर्षांत. तो तोटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. मालातला दोष लपवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. त्या दुकानदाराने ती पाळली. पुढच्या शॉकॲब्जॉर्बरमधून ऑइल गळते, हे त्यांनी आम्ही विचारण्याआधीच सांगितले आणि तेवढे पैसे कमी केले. आजही बाजारात भेटले की सलाम झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो, "काय, चालते ना व्यवस्थित?" वस्तूबरोबर ओळखही मिळाली.

तिसरा आनंद गाडी समजण्याचा. राजदूत आणि येझदीच्या काळात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. 1985 साली हीरो होंडाची सीडी 100 आली, 1994 साली स्प्लेंडर आली, आणि शंभर सी.सी.ची, कमी पेट्रोल पिणारी चार-स्ट्रोक गाडी सामान्य माणसाच्या दारात उभी राहिली. आमची गाडी त्याच जातीची आहे. एकच सिलिंडर, तेही हवेने थंड होणारे, साधा कार्बोरेटर आणि किक. एप्रिल 2020 पासून बी.एस. 6 चा नियम आला आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल सोडणारी यंत्रणा आली. ती धूर कमी करते, हे चांगलेच आहे. पण तिचा बिघाड शोधायला बहुधा वेगळे यंत्र लागते. जुन्या गाडीला पाना, पकड आणि थोडा धीर पुरतो.

आमच्या नाक्यावरच्या मिस्त्रींनी आम्हाला प्लग वाचायला शिकवले. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर सगळे ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते, आणि पांढरे पडले असेल तर कमी. सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला तर इंजिन ऑइल जाळते आहे. वर्गात ज्वलनाचा धडा शिकवताना आम्ही असा जुना प्लग मुलांच्या हाती देतो. फळ्यावरची आकृती विसरणारी मुलेही तो काळा प्लग विसरत नाहीत.

आणि चालवण्याचा आनंद! खेडहून दापोलीकडे जाणारा रस्ता वळणावळणाचा आहे. नव्या गाडीवर पोरे तो कसा कापतात ते आपण पाहतोच. जुनी गाडी मात्र आपल्याला तिच्या चालीने नेते. चाळीस-पंचेचाळीसच्या वेगात काजूच्या मोहोराचा वास येतो, पहिल्या पावसानंतरची माती कळते, वाटेत कोणी ओळखीचे दिसले तर सलाम करून दोन शब्द बोलता येतात. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे हर्णैच्या बंदरावर जातो. संध्याकाळी तिथे मासळीचा लिलाव असतो. निघताना सवारीची दुआ होते, दोन्ही डोक्यांवर हेल्मेट चढतात. परतताना पिशवीत सुरमई, नाही तर बांगडे असतात. चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश गुणगुणते, आणि घरात ज्या गोष्टी बोलायच्या राहून जातात त्या तिथे बोलून होतात.

हे सारे खरे असले तरी जुनी गाडी डोळे झाकून घेऊ नये. इंजिन थंड असतानाच किक मारून पाहावी. गरम इंजिन बरेच काही लपवते. चेसिस आणि इंजिनचा नंबर आर.सी.शी ताडून पाहावा. विमा, पी.यू.सी. आणि दंडाची थकबाकी तपासावी. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याची नोंद झाली आहे का, ते बघावे. फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी वेळेत आपल्या नावावर करावी, विमाही नावावर करून घ्यावा. विकणाऱ्यानेही याचा आग्रह धरावा. नोंदीत नाव राहिले तर गाडी विकल्यानंतरही अपघाताची भरपाई जुन्या मालकाच्या माथी येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे. व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा, हे तर कुरआनने सूरह बकरामध्ये सांगितलेलेच आहे.

आता मुलाचे म्हणणे. कॉलेजात मित्रांच्या चकचकीत गाड्यांशेजारी ही गाडी लावायला त्याला संकोच वाटतो. त्या वयात तसे वाटणारच. त्यासाठी त्याला रागावण्याचे कारण नाही. आम्ही त्याला वहीत हिशेब मांडायला सांगितला. एका बाजूला नव्या गाडीची पहिली रक्कम, हप्ते, त्यातले व्याज आणि विमा. दुसऱ्या बाजूला जुन्या गाडीची फेरनोंदणी, पर्यावरण कर, टायर आणि वर्षाची दुरुस्ती. बेरीज त्यानेच केली. मग बराच वेळ वहीकडे पाहत बसला आणि म्हणाला, "रंग तरी नवा देऊ या."

ते आम्ही मान्य केले. रंग आर.सी.वर आहे तोच, काळा राहणार. नाही तर आर.टी.ओ.त आणखी एक अर्ज. फॉर्म 25 भरला आहे, तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. ब्रेकचे लायनर बदलून झाले, हेडलाइटचा बल्बही बदलला. इन्शाअल्लाह, आणखी पाच वर्षे मिळतील. तपासणीला गाडी कोण नेणार, एवढेच ठरायचे आहे. मुलाच्या हातात आता पक्के लायसन्स आहे, आणि काल त्याने न सांगता गाडी धुऊन ठेवली.